फेरपालटाच्या घंटा

वाचकहो, या पानावर आजवर आपण अनेक छंदांचा परिचय करून घेतला. त्यांतील बहुतेक छंद एकट्याने करावयाचे होते. टपाल-तिकिटांची वही उघडून बसलेल्या मनुष्यास शेजारी कोणी नसले तरी चालते. किंबहुना नसले तर बरे, असेच त्याला वाटते. या वेळी जो छंद आपणांपुढे ठेवीत आहे तो एकट्याने करताच येत नाही. त्याला निदान चार माणसे लागतात, सहा किंवा आठ असली तर उत्तम. आणि त्या आठांपैकी एकाचे लक्ष क्षणभर जरी उडाले तरी उरलेल्या सातांचे श्रम फुकट जातात.

या छंदाची आणि माझी गाठ पडली ती एका चुकीमुळे. भाषांतर करणे हाच माझा व्यवसाय असल्याने निरनिराळे कागद टेबलावर येत असतात. त्यांत एकदा इंग्लंडमधील ग्रामजीवनावर लिहिलेला एक मजकूर आला. गावातील आठ माणसांनी चर्चच्या मनोऱ्यात तीन तास घंटा वाजविल्या, असा त्यात उल्लेख होता. मी ‘चर्चमध्ये तीन तास घंटानाद चालू होता’ असे लिहून कागद पुढे सरकविला. आमच्या एका वयोवृद्ध सहकाऱ्यांनी तो वाचला, चष्मा कपाळावर चढविला आणि विचारले, “अहो, तीन तास? एवढी लांबलचक आरती कोणती?” उत्तर मला ठाऊक नव्हते. मूळ मजकूर पुन्हा वाचला तेव्हा लक्षात आले की, ज्या इंग्रजी शब्दाचा मी ‘घंटानाद’ असा सोपा अर्थ केला होता, त्यात ‘पालट’ किंवा ‘बदल’ या अर्थाचा एक शब्द होता आणि मी तो सरळ गाळला होता. सारे मर्म त्या गाळलेल्या शब्दातच होते.

घंटा आपणांस काही परकी नाही. देवळात शिरताना हात आपोआप वर जातो. वसईचा किल्ला १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकला, तेव्हा तेथील पोर्तुगीज चर्चमधील मोठमोठ्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि त्या देवळांत टांगल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा, वाईजवळच्या मेणवलीची घंटा, भीमाशंकरची घंटा या त्यांपैकीच होत. जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलची ‘सोन्याची घंटा’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. परंतु या सर्व घंटांचा स्वभाव एकच: घंटा एक, तिला हलविणारा किंवा तिच्यावर टोल देणारा एक, आणि तिचे काम म्हणजे कोणती तरी वेळ झाल्याची वर्दी देणे. बेल्जियम व हॉलंड या देशांत पुष्कळ घंटा एकत्र टांगून पेटीसारख्या पट्ट्यांवर एकच वादक त्यांतून गाणी वाजवितो. तो प्रकारही समजण्यास सोपा आहे. इंग्लंडमध्ये मात्र तिसरेच काही घडले.

ते समजण्यासाठी प्रथम मनोऱ्याचा जिना चढावा लागेल. इंग्लंडमधील हजारो चर्चांच्या मनोऱ्यांत पाच, सहा, आठ, क्वचित दहा किंवा बारा घंटांचा संच असतो. सर्वांत लहान घंटेचा सूर सर्वांत उंच, आणि तेथून पायरीपायरीने उतरत सर्वांत जड घंटेच्या खर्जापर्यंत यावयाचे. प्रत्येक घंटा आडव्या तुळईवर बसविलेली असून तुळईच्या टोकास एक मोठे लाकडी चाक असते. चाकाच्या खोबणीतून निघालेला दोर खालच्या खोलीत उतरतो. वादक त्या खालच्या खोलीत वर्तुळ करून उभे राहतात; त्यांना घंटा दिसत नाहीत, दिसतात ते केवळ एकमेकांचे दोर आणि चेहरे.

आता नवलाची गोष्ट ही की, वाजविण्यास सज्ज असलेली घंटा खाली तोंड करून लोंबकळत नसते. तिचे तोंड आकाशाकडे असते! उलट्या ठेवलेल्या हंड्याप्रमाणे नव्हे, तर पाणी भरण्यासाठी सरळ ठेवलेल्या हंड्याप्रमाणे ती तोल सांभाळून उभी असते. ती पलीकडे कलंडू नये म्हणून लाकडाचा एक टेकू असतो. वादकाने दोर ओढला की तोल सुटतो, घंटा खाली झेपावते, पूर्ण वर्तुळ घेऊन दुसऱ्या बाजूने वर चढते आणि पुन्हा आकाशाकडे तोंड करून थांबते. या एका फेरीत आतील लोळा तिच्यावर एकदाच आपटतो. दुसऱ्या ओढीने ती आल्या वाटेने परत फिरते आणि पुन्हा एकदाच वाजते. पहिल्या ओढीच्या वेळी हात दोरावर गुंफलेल्या लोकरीच्या जाड, रंगीत गोंड्यावर असतात. दुसऱ्या ओढीच्या वेळी दोराच्या शेवटच्या टोकावर. गोंडा आणि टोक, गोंडा आणि टोक, असा हा हातांचा क्रम सतत चालू राहतो.

यातील काही घंटा दोन-चार मणांच्या, तर काही टनाहून जड असतात. लिव्हरपूलच्या कॅथेड्रलमधील या पद्धतीच्या संचात सर्वांत मोठी घंटा चार टनांहून अधिक वजनाची आहे. एवढे ओझे दोराने फिरविण्यास पहिलवान लागत असेल, असे वाटेल. प्रत्यक्षात बारा वर्षांची मुलगीही बरीच मोठी घंटा सहज वाजवू शकते. ज्याने लहान मुलास झोपाळ्यावर झोके दिले आहेत त्याला हे लगेच उमजेल. झोका उंच नेण्यासाठी बळ लागत नाही. नेमक्या क्षणी हात लावावा लागतो. अवेळी लावला तर मात्र तोच झोपाळा आपणांस पाडतो.

या वजनातूनच पुढचा सारा खेळ निर्माण झाला. टनभर धातू एकदा फिरू लागला की त्यास ‘जरा थांब’ किंवा ‘लवकर ये’ असे फारसे सांगता येत नाही. तोल साधून घंटा किंचित काळ वर रोखून धरता येते, किंवा पुरती वर चढण्याच्या आधीच किंचित लवकर ओढून घेता येते, एवढेच. म्हणून या घंटांवर एखाद्या गाण्याची चाल वाजविणे अशक्य आहे, कारण चालीत एकच सूर लागोपाठ दोनदा येतो, मग बराच वेळ येत नाही. परंतु रांगेतील आपली जागा शेजारच्या घंटेशी बदलणे शक्य आहे. एक-दोन-तीन-चार अशा वाजणाऱ्या घंटा पुढच्या वेळी दोन-एक-चार-तीन अशा वाजू शकतात. येथे नियम सिद्ध झाला: प्रत्येक ओळीत प्रत्येक घंटा एकदाच वाजेल, एका ओळीतून दुसरीत जाताना कोणतीही घंटा एका जागेपेक्षा अधिक सरकणार नाही, आणि एकदा येऊन गेलेली ओळ शेवटापर्यंत पुन्हा यावयाची नाही. इंग्लंडमधील लोक या प्रत्येक बदलास ‘चेंज’ म्हणतात. मी त्यास ‘पालट’ म्हणत आहे आणि एकंदर कलेस ‘फेरपालट’. हा शब्द आज मंत्रिमंडळाच्या बातम्यांतच अधिक आढळतो, हे मला ठाऊक आहे. पण तेथेही खुर्च्या तितक्याच असून माणसांच्या जागा तेवढ्या बदलतात, तेव्हा शब्द अगदीच परका नाही.

किती पालट शक्य आहेत? हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी विचारला गेला होता. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे सुमारे ११५० साली, ‘अंकपाश’ नावाचे प्रकरण शेवटी येते. शंकराच्या दहा हातांत दहा आयुधे किती प्रकारांनी देता येतील, असे तेथे विचारले आहे, आणि उत्तर आहे ३६,२८,८००. तसेच विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म हे चार पदार्थ किती प्रकारांनी येतील? चोवीस. संध्या करणाऱ्या घरांतील वाचकांना केशव, नारायण, माधव ही चोवीस नावे पाठ असतील; विष्णूच्या ज्या चोवीस मूर्ती त्या नावांनी ओळखल्या जातात, त्या याच चार आयुधांच्या फेरपालटाने एकमेकींपासून वेगळ्या होतात. चार घंटांचे पालटही नेमके चोवीस. पाच घंटांचे १२०, सहांचे ७२०, सातांचे ५,०४०, आठांचे ४०,३२०. बारा घंटांचे पालट ४७,९०,०१,६०० होतात, आणि ते सर्व वाजवावयाचे म्हटल्यास अखंड तीस वर्षांहून अधिक काळ लागेल. भास्कराचार्यांनी जे पाटीवर मांडले ते इंग्लंडमधील सुतार-लोहारांनी आणि विद्यार्थ्यांनी सतराव्या शतकात दोरांवर मांडले, आणि एकास दुसऱ्याची वार्ताही नव्हती.

१६६८ साली रिचर्ड डकवर्थ यांचे या कलेवरील पहिले पुस्तक निघाले. त्याचे प्रकाशन करणारे फेबियन स्टेडमन यांनी १६७७ साली स्वतःचे पुस्तक लिहिले. त्यांच्या नावाची एक रचना आजही वाजविली जाते. २ मे १७१५ रोजी नॉर्विच येथील सेंट पीटर मॅन्क्रॉफ्ट चर्चच्या मनोऱ्यात सात घंटांचे ५,०४० पालट एकही न गाळता आणि एकही न दुहेरता वाजविले गेले. त्यास ३ तास १८ मिनिटे लागली. माझ्या भाषांतरातील ‘तीन तास’ हे असे होते. पाच हजारांच्या आसपास पालटांच्या अशा अखंड वादनास ‘पील’ म्हणतात आणि ते साधणे हा आजही प्रत्येक वादकाच्या आयुष्यातील मोठा दिवस असतो. आठ घंटांचे सर्व ४०,३२० पालट मात्र फार क्वचित वाजले. १७६१ साली केंट परगण्यातील लीड्स गावी ते वाजविले तेव्हा २७ तास लागले आणि माणसे बदलावी लागली. २७ व २८ जुलै १९६३ रोजी लफबरो येथील घंटांच्या ओतशाळेत आठ जणांनी तेच १७ तास ५८ मिनिटांत पुरे केले, आणि त्या अवधीत एकानेही आपला दोर दुसऱ्याच्या हाती दिला नाही. खाली रस्त्याने जाणाऱ्यास यातले काय कळले असेल? काहीच नाही. त्याच्या कानी केवळ घंटा वाजत होत्या. टाळ्या वाजविण्यास कोणी नव्हते, आणि या कलेत तशी कोणाची अपेक्षाही नसते.

या छंदाकडे माझे मन ओढले गेले ते याच कारणाने. आपल्या भजनी मंडळात सर्वांचे टाळ एकदम पडले पाहिजेत. येथे उलट, कोणतेही दोन टोल एकदम पडता कामा नयेत, आणि दोन टोलांमधील अंतर काटेकोर सारखे हवे. भजनात एखाद्याचा टाळ चुकला तर इतरांचे झाकून नेतात. येथे आठांपैकी प्रत्येकास एकच सूर मिळालेला असतो. तो त्याने चुकविला तर त्या जागी पोकळी दिसते आणि ती भरून काढणे दुसऱ्या कोणाच्या हाती नसते.

शिकावयाचे कसे, तेही सांगतो. नवशिक्यास प्रथम एकटी घंटा देतात. तीही लोळा बांधून, म्हणजे गावास त्रास नको. गुरू समोर उभा राहतो. तो आधी दोराचे टोक स्वतःकडे ठेवतो आणि केवळ गोंडा शिष्याच्या हाती देतो. मग गोंडा आपण घेऊन टोक शिष्यास देतो. आणि दोन्ही हालचाली स्वतंत्रपणे जमल्या म्हणजे एक दिवस दोन्ही शिष्याच्या हाती सोडतो. घंटा सुरक्षितपणे हाताळता येण्यास साधारणतः दहा-पंधरा तासांची अशी शिकवणी लागते. या काळात दोन आज्ञा पुन्हा पुन्हा कानी पडतात. पहिली, वर पाहू नकोस. दुसरी, दोर अनावर झाला तर सोडून दे. जोराच्या ओढीने टेकू मोडला तर घंटा भरकन फिरते आणि दोर छताकडे झेपावतो. अशा वेळी धीर करून धरून राहणारा मनुष्य त्याबरोबर वर उचलला जाऊ शकतो.

पुढे इतरांबरोबर वाजविण्याचा अभ्यास. सर्वांत लहान घंटेचा वादक आधी सर्वांस सावध करतो, मग ‘ती निघाली’ अशा अर्थाची सूचना देतो आणि लगेच ‘ती गेली’ असे म्हणतो. घंटा ही इंग्रजीतही स्त्रीलिंगी मानली जाते, हे पाहून मला गंमत वाटली. मध्ये मध्ये एकजण, जो सूत्रधार असतो, ‘बॉब’ किंवा ‘सिंगल’ असा एकच शब्द मोठ्याने उच्चारतो आणि त्या शब्दासरशी काही घंटांचा मार्ग बदलतो. वादकासमोर कागद नसतो. सारा मार्ग डोक्यात, आणि डोळ्यांसमोर सात हलणारे दोर. त्यांपैकी या क्षणी आपण कोणाच्या पाठोपाठ ओढावयाचे हे नजरेने टिपावे लागते, आणि पुढच्याच क्षणी तो मनुष्य बदललेला असतो. ही नजर पुस्तकातून येत नाही. काहींना ती महिन्याभरात येते, काहींना दोन वर्षे लागतात.

हे वादक सारे भाविक असतात काय? नाही. चर्चच्या प्रार्थनेआधी ते वाजवितात हे खरे, परंतु कित्येकजण वाजवून झाले की प्रार्थनेस न थांबता घरी जातात. अठराव्या शतकात तर वादक आणि पाद्री यांचे फारसे पटत नसे. मनोऱ्यात बिअरचे मोठाले कुंभ ठेवलेले असत, आणि ते वर्णन वाचून कोणत्याही पाद्र्याची बाजू मला घ्यावीशी वाटते. एकोणिसाव्या शतकात शिस्त आली. १८९१ साली या वादकांची मध्यवर्ती परिषद स्थापन झाली. १८९६ साली ॲलिस व्हाइट या स्त्रीने संपूर्ण पील वाजविण्यात भाग घेतला, आणि १९१२ साली स्त्री-वादकांचा स्वतंत्र संघ निघाला. आज एकाच मनोऱ्यात शाळकरी मुलगा, परिचारिका, शेतकरी आणि निवृत्त गणितज्ञ शेजारी शेजारी उभे असतात. आठवड्यातून एक संध्याकाळ सरावाची. परगावचा वादक त्या संध्याकाळी कोणत्याही मनोऱ्याचा जिना चढून गेला तर ‘काय वाजविता?’ एवढेच विचारून त्याच्या हाती दोर देतात. सुटीच्या दिवशी मंडळी मिळून एका दिवसात पाच-सहा गावांचे मनोरे वाजवून येतात. आपल्याकडे अष्टविनायक करतात, त्यासारखेच म्हणा ना!

आता या कलेपुढील खरी अडचण. घंटा शेकडो वर्षे टिकतात. लाकडी चाक झिजले तर नवे करता येते. ओतशाळा कमी झाल्या आहेत, हे खरे. १५७० पासूनची परंपरा सांगणारी लंडनमधील व्हाइटचॅपलची ओतशाळा, जिने ‘बिग बेन’ ओतली, ती २०१७ साली बंद झाली. तरीही धातूची उणीव नाही. उणीव आहे ती हातांची. इंग्लंडमध्ये या पद्धतीने घंटा टांगलेले पाच हजारांहून अधिक मनोरे आहेत, परंतु त्यांतील कितीतरी ठिकाणी आठ दोर लोंबत असतात आणि माणसे जमतात पाच. काही ठिकाणी एकही जमत नाही. आणि ही विद्या अशी आहे की ती हातातून हातातच जाते. एका गावात एक पिढी न शिकता गेली तर पुढच्या पिढीस शिकविण्यास त्या गावात कोणी उरत नाही.

अशी खंड पडण्याची वेळ यापूर्वीही आली होती. पहिल्या महायुद्धात सुमारे १,४०० वादक मृत्यू पावले. दुसऱ्या महायुद्धात जून १९४० मध्ये सरकारने सर्व चर्चच्या घंटा बंद केल्या. शत्रू उतरला तरच त्या वाजवावयाच्या, असा हुकूम होता. नोव्हेंबर १९४२ मध्ये अल अलामीनच्या विजयानिमित्त त्या एकदा वाजल्या आणि १९४३ साली बंदी उठली. तीन वर्षे दोरास हात न लागलेली ती मंडळी पुन्हा जिना चढली असतील तेव्हा वर्तुळात कोणाच्या जागा रिकाम्या होत्या, हे त्यांना मोजावे लागले नसेल. २०१८ साली पहिल्या महायुद्धाच्या समाप्तीस शंभर वर्षे झाली. त्या निमित्ताने मृतांच्या संख्येइतके, म्हणजे १,४०० नवे शिकाऊ वादक मिळवावे अशी मोहीम निघाली, आणि अपेक्षेहून पुष्कळ अधिक लोक पुढे आले. अशा स्मरणदिनी लोळ्याच्या एका बाजूस चामड्याची गादी बांधतात. मग एक ओळ स्पष्ट वाजते आणि पुढची दबलेली, लांबून आल्यासारखी. पुन्हा एक स्पष्ट, पुन्हा एक दबलेली.

त्यानंतर मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे मनोरे पुन्हा मुके झाले. बंद खोलीत आठ माणसे जवळजवळ उभी करणारा छंद त्या दिवसांत चालणे शक्यच नव्हते. तेव्हा अमेरिकेतील दोघा वादकांनी संगणकावर एक ‘घंटाघर’ तयार केले. घरोघरी बसलेले वादक कळ दाबून आपापली घंटा वाजवू लागले. वजन नाही, दोर नाही, केवळ जागा सांभाळणे. पण जागा सांभाळण्याची सवय मोडली नाही.

आणि आपल्याकडे? १९५० साली रोनाल्ड डव्ह यांनी अशा मनोऱ्यांची एक यादी प्रसिद्ध केली होती. ती आजही वेळोवेळी सुधारली जाते. ती चाळताना, इंग्लंडमधील गावांच्या अरण्यातून बाहेर पडून मी परदेशांच्या पानांपर्यंत आलो, आणि तेथे ‘पुणे’ हे नाव पाहून थबकलो. गुरुवार पेठेतील पंचहौद मिशनचे पवित्र नाम देवालय! त्याच्या उंच मनोऱ्यात लफबरोच्या ओतशाळेतील आठ घंटांचा संच आहे. १८९० साली रानडे, टिळक आदी मंडळींनी मिशनमध्ये चहा घेतला आणि पुणे शहरात केवढा गहजब उडाला, ते पंचहौद प्रकरण वाचकांस माहीत आहेच. माझी मावशी त्याच पेठेत राहत असे. लहानपणी सुटीत तिच्याकडे गेलो असता त्या मनोऱ्याखालून मी कितीदा तरी गेलो आहे, त्या घंटांचा नादही ऐकला आहे, आणि ‘दूध आणावयास उशीर झाला’ यापलीकडे त्यातून काही अर्थ काढलेला नाही. ज्या शब्दासाठी मी इंग्लंडचे कोश धुंडाळीत होतो त्याचे आठ धातूचे अवतार मावशीच्या गच्चीतून दिसत होते.

पुण्यास जाऊन दोर धरणे सर्वांस शक्य नाही. परंतु इंग्लंडमधील वादकही पावसाळी संध्याकाळी घरी बसून हातातील लहान घंटांवर हाच अभ्यास करतात, आणि तो आपणही करू शकतो. चिनी मातीचे चार वाडगे घ्या. जलतरंगात करतात तसे त्यांत कमीअधिक पाणी घाला. पाणी जितके जास्त तितका सूर खाली उतरतो. सर्वांत उंच सुराचा वाडगा पहिला, सर्वांत खालचा चौथा. चौघांनी एकेक वाडगा आणि एकेक लाकडी काडी घ्यावी. प्रथम नुसते १ २ ३ ४ असे सारख्या लयीत दहा-वीस वेळा वाजवा. हेही वाटते तितके सोपे नाही. ते जमले की पुढील ओळी घ्या:

१ २ ३ ४
२ १ ४ ३
२ ४ १ ३
४ २ ३ १
४ ३ २ १
३ ४ १ २
३ १ ४ २
१ ३ २ ४
१ २ ३ ४

पहिल्या वाडग्याचा मार्ग बोटाने काढून पाहा. तो एकेक पायरी मागे सरकत शेवटच्या जागी जातो, तेथे दोन टोल थांबतो, तसाच एकेक पायरी पुढे येतो आणि सर्वांपुढे पुन्हा दोन टोल थांबतो. उरलेले तिघेही हेच करतात. फक्त प्रत्येकाचा आरंभ निराळ्या ठिकाणाहून. म्हणून अंक पाठ करू नका, मार्ग पाठ करा.

हे आठ पालट झाले. चोवीस हवे असतील तर १ ३ २ ४ या ओळीवर आल्यावर मूळ क्रमाकडे न परतता पहिल्या दोघांनी आपापल्या जागी राहावे आणि मागच्या दोघांनी जागा बदलाव्या. म्हणजे १ ३ ४ २ ही ओळ मिळते. तिच्यावरून पुन्हा तोच मार्ग धरावा. असे तीनदा केले की चोवीस पालट पुरे होऊन आपण १ २ ३ ४ वर परत येतो, आणि मधली एकही ओळ दोनदा आलेली नसते.

आमच्या घरी हा प्रयोग चालू आहे. पहिला वाडगा आमच्या आठ वर्षांच्या कन्येकडे, दुसरा तिच्या आईकडे, तिसरा माझ्याकडे आणि चौथा वडिलांकडे. कन्येची तक्रार अशी की तिची पाळी एका ओळीत एकदाच येते. सर्वांत कमी चुका वडिलांच्या होतात, कारण ते बोलत नाहीत. सर्वांत अधिक चुका कोणाच्या होतात ते सांगण्याचे कारण नाही. ज्याने हा लेख लिहिला आहे त्याला सारे नियम तोंडपाठ आहेत, एवढेच नमूद करतो. खालच्या मजल्यावरील गृहस्थ एकदा वर येऊन गेले. वाडगा फुटला की काय, असे त्यांना वाटले होते. आता दर शनिवारी ते येऊन बसतात आणि पाचवा वाडगा केव्हा आणणार म्हणून विचारतात. पाचाचे पालट एकशेवीस होतात, हे मी त्यांना अद्याप सांगितलेले नाही.

आपल्या घरी चोवीस पालट बिनचूक झाले तर अवश्य कळवावे. आमची गाडी अजून सोळाच्या पुढे गेलेली नाही.